ईटच्या गायरानात सुटलेली घोडी

धाराशिवहून सकाळच्या एसटीनं भूम गाठलं आणि तिथून दुसऱ्या गाडीनं ईट. भाद्रपदातला माळ हिरवागार होता. गावाबाहेरच्या गायरानात (गावाच्या सामाईक कुरणात) मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्यात एक तांबडी घोडी. साठीच्या मेंढपाळ साळूबाईंचं सगळं बिऱ्हाड तीच वाहते. साळूबाईंनी मला चहा पाजला आणि चुकार मेंढ्या वळवून आणेपर्यंत घोडीचा दोर धरायला सांगितलं. शेजारच्या सोयाबीनात जाऊ देऊ नका, कोवळ्या शेंगांनी तिचं पोट धरतं, असंही बजावलं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, माळावरच्या वनस्पती पाहायलाच आले होते. गवतात पांढऱ्याशुभ्र अळिंब्या दिसल्या आणि मी सगळं विसरले. त्या ओढणीत भरता भरता दोर कधी सुटला, कळलंच नाही. मान वर केली तर घोडी सोयाबीनात मजेत चरत होती. मी धावले, तीही धावली. शेवटी मी चिखलात आपटले.

शेताचे मालक, एक वयस्कर आप्पा, काठी घेऊन आले. मी माफी मागितली. काठी टाकून त्यांनी मूठभर गवत उपटलं, जिभेनं चुचकारलं, आणि घोडी गरिबासारखी त्यांच्यामागं आली.

मेंढ्या वळवून परतलेल्या साळूबाईंनी तिच्या पोटाला कान लावला. मग पोट मोकळं व्हावं म्हणून आम्ही तिघं तिला आळीपाळीनं माळावर फिरवत राहिलो. मला रडू यायचं बाकी होतं. अर्ध्या तासानं घोडीनं भली मोठी लीद टाकली, तेव्हा कुठं साळूबाई हसल्या.

मी शरमून ओढणीतल्या अळिंब्या भाजीसाठी पुढं केल्या. साळूबाईंनी एक अळिंबी उलटवून दाखवली. छत्रीखाली हिरवट झाक होती.

"ताई, ह्या खाल्ल्या तर रातभर ओकाल. माझ्या आयनं दाखवल्या तेवढ्याच आमी खातो."

त्यांनी स्वतः पहाटे वारुळाजवळून आणलेल्या अळिंब्या तिखट-मिठावर परतल्या. आप्पाही भाकरी खायला बसले. शेंगा लई गेल्या न्हायत, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी परतीच्या गाडीत चिखल वाळून सलवार कडक झाली होती. अळिंबी उलटी करून तपासावी, हे मी कितीतरी वर्षं मुलांना शिकवते आहे. माळावर मात्र मला फक्त तिचं सौंदर्य दिसलं. सोमवारी वर्गात मी ही फजिती पहिल्यापासून सांगितली. त्या तासाला मागच्या बाकावरही कुणी जांभई दिली नाही.