दूधभाकर

उकंडराव आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागले आणि भूल द्यायला शिकले. भुलीचा डॉक्टर तेव्हा जिल्हाभर शोधून सापडला नसता. रोग्याच्या नाकातोंडावर कापडाची जाळी धरायची, तिच्यावर थेंबथेंब ईथर सोडायचं आणि नजर श्वासावर ठेवायची. हे काम त्यांनी अकरा वर्षं केलं. मी तिथे कंपाउंडर. माणूस तिरसट, आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण त्यांच्या भुलीत कुणी दगावलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. उंद्रीच्या तानुबाईची एकुलती लेक शालू छातीत पू होऊन आली. बरगडीचा तुकडा कापून पू काढायचा होता. उकंडरावांनी माझ्यादेखत तीनदा विचारलं, "माय, पोरीनं सकाळपासून काही खाल्लं काय?"

"नाही भाऊ. पानीबी नाही."

पहाटेच तिने लेकीला वाटीभर दूधभाकर कुस्करून चारली होती. आपल्याकडे शेतावर निघालेल्या गड्यालाही कुणी उपाशी धाडत नाही, ही तर पोटची पोर. उपाशी का ठेवायचं, ते सांगायची आमच्याकडे रीतच नव्हती. नुसता हुकूम सोडायचा. याचा मला आजही संताप येतो.

छाती उघडली आणि शालू भुलीतच ओकली. ओकारी श्वासात गेली. उकंडरावांनी तिची मान वळवली, बोटांनी घशातून भाकरीचे तुकडे काढले. ओठ काळेनिळे पडत गेले. दहा मिनिटांत सगळं संपलं.

"हिने खाल्लं होतं! विचारलं नव्हतंस तू?" डॉक्टर ओरडले. तानुबाई दाराबाहेरच बसली होती. आदल्या वर्षी याच डॉक्टरांनी वडनेरच्या एका बापाला तोंडावर सुनावलं होतं, "उशीर करून तूच मारलंस पोराला." त्या बापाने अन्न सोडलं आणि महिन्याभरात तो गेला.

"इचाराले इसरलो, साहेब," उकंडराव म्हणाले.

मी बोलणार होतो. त्यांनी डोळे वटारले आणि मी, भित्रा माणूस, गप्प राहिलो.

त्यांचं भुलीचं काम काढून घेतलं, त्यांना फाटकावर बसवलं. "त्या उकंड्यानं माही लेक मारली," असं तानुबाई भरबाजारात सांगायची. ते ऐकून घेत. ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र फाटकातच अडवून काय खाल्लं ते विचारत. लोक हसत.

पाच वर्षांनी तानुबाई नवऱ्याला हर्नियाच्या ऑपरेशनला घेऊन आली. उकंडरावांनी विचारलं.

"हाव, चारली दूधभाकर," ती फणकारली. "तुया दवाखान्यात उपाशी मारू काय त्याले?"

उकंडराव आत जाऊन सांगून आले. डॉक्टर आता नवे होते, त्यांना मागचं ठाऊक नव्हतं. ते बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, पोटात अन्न असताना भूल दिली तर ओकारी श्वासात जाते, माणूस मरतो. उद्या करू."

डॉक्टर आत गेले. तानुबाई फाटकापाशी खालीच बसली. म्हणाली, "शालूलेबी म्या..."

"नाही माय," उकंडराव घाईने म्हणाले. "चूक माही होती. मी इचाराले इसरलो."

तिने मान हलवली.

"तुमी तीनदा इचारलं होतं, भाऊ."