बहात्तरच्या विहिरीची हजेरी

नांदगावकडून येणारी एसटी गावात शिरली की आधी विहीर दिसते, मग गाव. काळ्या दगडात बांधलेली, चांगली ऐसपैस. दुष्काळात खणली म्हणून बहात्तरची विहीर. पत्ता सांगायचा तर विहिरीपासून, भांडायचं तर विहिरीपाशी, प्रचाराचा नारळ फोडायचा तर विहिरीच्या कट्ट्यावर. पाणी मात्र आता कोणी पीत नाही. नगरपंचायतीने मागच्या वर्षी तिला लोखंडी जाळी ठोकली, जांभळे दिवे लावले आणि फोटो काढायला जागा केली. आपल्या लोकांना एखाद्या गोष्टीचं प्रेम आलं की आधी ते तिला जाळी ठोकतात.

विहिरीच्या समोरच गोजराबाईंचं घर. वय चौसष्ट. शाळेत वीस वर्षं मुलांची खिचडी शिजवली, पण त्या विहिरीचं पाणी कधी हंड्यात घेतलं नाही. विहिरीला तुडुंब पाणी असतानाही ही बाई अर्धा मैल चालून हापशावर जायची. हट्टी आहे, म्हणून गावाने सोडून दिलं. कारण कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरलंच होतं, फार पूर्वी.

यंदा नगरपंचायतीने विहिरीपाशी इतिहासाचा फलक लावायचं काढलं. काम आलं हायस्कूलच्या समाधान सरांकडे. सर मेहनती माणूस. त्यांनी जुन्या दप्तरांतून दुष्काळी कामाची हजेरीपत्रकं शोधून काढली आणि खणणाऱ्या त्र्याऐंशी माणसांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरायचं ठरवलं. गावाला केवढा आनंद. ज्याची आजी त्या यादीत निघाली तो दारोदार सांगत सुटला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्या कामावरच्या माणसांची नावं विचारत होतं. गोजराबाई चपला घालून थेट शाळेत गेल्या.

"सर, एक नाव राह्यलंय," त्या म्हणाल्या. "भिमी. माझी थोरली बहीण. चौदा वर्साची व्हती. त्याच हिरीत मेली."

सरांनी खुर्ची पुढे केली आणि वही उघडली.

मग गोजराबाईंनी सांगितलं. कामावर नाव लागलं होतं त्यांच्या काकीचं, सिंधुबाईचं. काकी त्याच आठवड्यात बाळंत झाली. गैरहजर राहिली तर नाव कटणार, नाव कटलं की कामावर खायला मिळणारी सुकडी बंद. मग तिच्या जागी भिमी जायला लागली. यात काही नवल नव्हतं, निम्मं गाव असंच जात होतं. सासूच्या नावावर सून, आईच्या नावावर लेक. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. डोक्यावर पाटी उचलणारं कोणी समोर उभं असलं की त्याचं काम भागायचं. तो पुकारायचा, "सिंधुबाई." भिमी म्हणायची, "हाय." पहिल्या दिवशी तिला हसू आवरलं नव्हतं.

एका दुपारी सुरुंगाने खिळखिळी झालेली कड सुटली आणि खाली पाट्या भरणाऱ्या भिमीवर आली. बाकीच्या बाया वर होत्या, त्या वाचल्या.

सर बराच वेळ कागद चाळत होते. मग त्यांनी एक पान गोजराबाईंकडे फिरवलं. बाईंना वाचता येत नाही हे ध्यानात आलं, तसे ते बोट ठेवून सांगायला लागले.

"आजी, ही सिंधुबाई. पंधरवड्याचे सगळे दिवस हजर आहे. एकही खाडा नाही. कामावर कोणी दगावल्याची नोंदही नाही. तुम्ही म्हणता तसं झालं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून हे नाव गैरहजर दिसलं असतं ना? इथे तर पंधरवड्याअखेर अंगठासुद्धा आहे."

गोजराबाई त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. केवढासा होता तो. बाईमाणसाचा नव्हेच.

"त्यो अंगठा माझा हाय," त्या म्हणाल्या.

रात्रीत भिमीचं सगळं उरकलं होतं. मुकादम घरी येऊन वडिलांना सांगून गेला, बोभाटा झाला तर चौकशी लागेल, बदलीची नावं उघडी पडतील, अख्ख्या गावाची हजेरी कापली जाईल. गावातली चार माणसंही तेच सांगायला आली. वाईट नव्हती ती माणसं. त्यांच्या घरी पोरं उपाशी होती. सकाळी वडिलांनी अकरा वर्षांच्या गोजराला हाताला धरून विहिरीवर नेलं. मुकादमाने पुकारलं, "सिंधुबाई." वडिलांनी तिचा हात दाबला. ती म्हणाली, "हाय." मुकादमाने मान वर न करता खूण केली.

"त्या दिशी सुकडी भेटली," गोजराबाई सरांना म्हणाल्या. "आईनी तोंडाला लावली नाय. भिमीच्या वाटची मी खाल्ली. लय भूक लागली व्हती."

समाधान सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला पटतंय, आजी. पण मला पटून काय उपयोग? तुमचं खरं मानलं तर ही हजेरी खोटी ठरते. मग त्र्याऐंशीतली किती नावं खरी, असं प्रत्येक घर विचारेल. सगळा फलकच जाईल. भिमीचा एखादा तरी कागद आहे का? शाळेचा दाखला, जन्माची नोंद, फोटो?"

काहीच नव्हतं. भिमी शाळेत गेली नव्हती. फोटो काढण्याइतके तिचे कोणी लाडकोड केले नव्हते.

संध्याकाळी गोजराबाईंनी हे थोरल्या मुलाला, महेशला, पहिल्यांदाच सांगितलं. त्याने मोबाइल खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं, एवढं खरं. मग म्हणाला, "आई, आता उकरून काय मिळणार? लोकांच्या आज्यांची नावं आहेत त्यात. आपल्याला याच गावात राहायचंय."

पन्नास वर्षांपूर्वी ती चार माणसं हेच बोलली होती.

फलक लागला. पेढे वाटले, भाषणं झाली. एकतिसाव्या ओळीत सिंधुबाईचं नाव आहे. तिने त्या विहिरीतला खडासुद्धा कधी उचलला नाही. काकीवर राग धरावा तर ती बिचारी बाळंतीण होती. मुकादमावर धरावा तर तो कधीच मेला. उरल्या गोजराबाई, आणि त्यांचा राग दुसरीकडे कुठे जातच नाही.

भिमीला पाहिलेलं दुसरं कोणी आता हयात नाही. तिचा चेहरा गोजराबाई रोज आठवून बघतात. दात किंचित पुढे होते, एवढं नक्की आठवतं. डोळे कसे होते ते मात्र गेल्या पावसाळ्यापासून आठवेनासं झालंय. हे विचारायचं कोणाला?