आवडाबाईचं रक्त साकळलं नाही

आमच्या उरणकडच्या कोळीवाड्यात शिंगाळा मासळीचा विषारी काटा हातात घुसला की लोक डॉक्टर शोधत नसत, आवडाबाईचं दार शोधत. तापवलेल्या पात्याने ती जखम उघडायची आणि रक्त वाहू द्यायची. "साकळलं की समजायचं, ईख संपलं. तवर बांधायचं न्हाय." रक्त घट्ट झालं की हळद भरायची. तीस वर्षांत शेकड्यांनी हात वाचवले तिने. मोबदला एक पानाचा विडा. हसू नका. दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला "लांब बसा, वास येतो" असं ऐकावं लागायचं, तेव्हा ही बाई होती.

१९३४ च्या माघात काटा तिच्याच अंगठ्यात गेला. तिसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत सुजला, अंगात ताप फणफणला. मी तेव्हा कोळ्यांना दवाखान्यात मानाने वागवावं म्हणून सभा घेत फिरायचो. म्हटलं, "मावशी, होडी काढतो, डॉक्टरकडं चल."

"का रं? तुज्या सभेला टाळ्या कमी पडतात म्हणून माजा हात पायजे व्हय?"

मला राग आला. तसाच निघून आलो. तो राग मला अजून चावतो.

दुसऱ्या सकाळी तिने सुनेकडून, केसरकडून, जखम उघडवून घेतली. रक्त पाण्यासारखं आलं. दुपार झाली तरी साकळेना. केसर फडकं घेऊन बसलेली.

"आत्याबाई, बांधू?"

"न्हाय ग. लय ईख हाय, निगू दे."

हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर जांभळे डाग उठले, तेव्हा केसर माझ्याकडे धावली.

डॉक्टरला मी जवळजवळ ओढूनच आणला. त्याने जखम आवळून बांधली, दंडात सुई दिली. सुईच्या भोकातूनही रक्त थांबेना.

"काट्याचं विष केव्हाच ओसरलं होतं," तो अंगणात येऊन म्हणाला. "हे जखमेत वाढलेल्या जंतूंचं विष. ते रक्तात भिनलं की रक्ताचं गोठणंच बिघडतं. बोटांची टोकं काळी पडलीत, तिथं गोठलंय. जिथं गोठायला हवं, तिथं नाही."

"मग उपाय?"

त्याने पेटी बंद केली.

दिवेलागणीला आवडाबाईने डोळे उघडले. "साकळलं का ग?"

केसरने भिजलेलं फडकं पदराखाली सारलं. "व्हय, आत्याबाई. साकळलं."

"मग हळद भर."

केसरने मूठभर हळद भरली. ती लाल झाली. पुन्हा भरली. आवडाबाईचा श्वास थांबल्यावरही ती भरतच होती.