मोर दाबला की गंगापूर

मला कुणी काम सांगितलं की मी आधी यादी करते. बत्तीस वर्षं शाळेत काढल्यावर माणूस असाच होतो. त्यामुळे सोनियाचा फोन आला, "मॅडम, पप्पांसाठी टॅब घेतलाय, त्यात काय काय ॲप टाकायचे ते तुम्हीच सांगा," तेव्हा मी स्टाफरूममध्ये बसून लगेच कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे उपयोगाची ॲप, उजवीकडे करमणुकीची. डावी बाजू भरून वाहिली. उजवीकडे तीनच नावं होती, कारण करमणुकीवर माझा फारसा विश्वास नाही.

सोनियाचे पप्पा म्हणजे कडूबाभाऊ. गंगापूरला अपडाऊन करणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींना त्यांची ओळख सांगावी लागत नाही. शहरातल्या जीप स्टँडवर माणसं गोळा करून जीप भरणं हे त्यांचं काम. "चला वाळूज, लिंबेजळगाव, ढोरेगाव, गंगाऽऽपूर!" ही हाक चौकाच्या पार पलीकडे जायची. पण हाक मारणं हे निम्मंच काम. कुणाला गाडी लागते म्हणून खिडकी, कुणाला सातवा महिना म्हणून पुढची सीट, कुठल्या दोन भावांचं बांधावरून कोर्टात चालू आहे म्हणून एक या जीपमध्ये आणि दुसरा त्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. चौथीनंतर शाळा सुटलेली, मोबाइलवर लिहिणं जमायचं नाही. म्हणून आमच्या ग्रुपवर सकाळी साडेसहापासून त्यांच्या आवाजातले निरोप सुरू व्हायचे. "गुरुजी, या पळत! दोनच शिटा राहिल्या!" गुरुजी धापा टाकत पोचावेत, तर जीपमध्ये एकटा ड्रायव्हर पेंगतोय. मी तर वैतागून तो ग्रुप म्यूट केला होता, आणि त्यांचे निरोप न ऐकताच पुसून टाकत होते.

मग त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं, पण त्यातून निघणारा घरघराट ऐकून त्यांनी ते कपाटात टाकलं ते टाकलंच. पाच महिने झाले, मुकुंदवाडीतल्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. आणि आता गोकुळ ड्रायव्हर येऊन सांगून गेला होता, "पाच महिने आम्हीच पाळीपाळीनं वरडलो. सोमवारी भाऊ आले तर लई चांगलं. नाय तर दुसरा माणूस बघावा लागंल." म्हणून तर सोनियाने टॅब घेतला होता.

रविवारी सकाळी यादी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. कडूबाभाऊ पलंगावर बसलेले, गळ्याला पांढरा रुमाल. मला बघून हसले आणि हात जोडले. मी लगेच कामाला लागले. पहिलं ॲप रुग्णांसाठीचं. पाण्याचा ग्लास, औषधाची बाटली, दुखणारं पोट, संडास, अशी चित्रं. ग्लासावर बोट ठेवलं की एक बाई बोलते, "मला पाणी हवे आहे."

मी म्हटलं, "दाबून बघा."

कडूबाभाऊ उठले, माठापाशी गेले, स्वतःच्या हाताने पाणी घेतलं, माझ्याकडे बघत सगळं प्यायले आणि ग्लास पालथा घालून परत येऊन बसले. पहिलं ॲप तिथंच संपलं.

दुसरं, लिहिलेलं वाचून दाखवणारं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी 'चला गंगापूर' लिहिलं. तेवढ्यात एक जीप भरून वाळूजच्या पुढे गेली असती. मग त्यातली बाई बातम्या द्याव्यात तशी शांतपणे म्हणाली, "चला गंगापूर."

त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, दारातूनच निकाल दिला. "ही बाई हाका मारायला लागली तर मानसं बसलेली उतरतील."

हवामान, बातम्या, औषधाची आठवण करून देणारं घड्याळ, सगळं टाकून झालं. कडूबाभाऊ मान हलवत होते, पण हुशार मुलं कंटाळली की हलवतात तशी. मला राग आला. खरं सांगायचं तर स्वतःचाच आला. मी आजारी माणसासाठी टॅब भरत होते, आणि समोर एक कामाचा माणूस घरी बसला होता.

सोनिया हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या यादीत नाही, पण एक मी आधीच टाकलंय. लहान पोरांचं आहे. पप्पांना आवडतं."

ते जनावरांचं ॲप होतं. चित्र दाबलं की त्या जनावराचा आवाज. कडूबाभाऊंनी टॅब माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि कोंबडा दाबला. कोंबडा आरवला. स्वयंपाकघरातून वच्छलाबाई म्हणाल्या, "ठिवलाय, ठिवलाय चहा!"

मी बघतच राहिले. वच्छलाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "सांगायची लाज वाटती मॅडम. च्या पायजे असला की कोंबडा. मी शेजारी गेले की बकरी. आता बकरी वरडली की मी 'आले' म्हनते. लोक हासतात."

मी दोन दिवस खपून केलेल्या यादीला जे जमलं नव्हतं, ते या माणसाने कोंबड्या-बकऱ्यांवर भागवलं होतं. मी यादीची घडी करून पर्समध्ये टाकली.

"पण आवाज जनावराचाच का?" मी विचारलं.

सोनियाने मोरावर बोट दाबून धरलं. खाली अक्षरं आली, 'आई-बाबा, इथे तुमचा आवाज भरा.' आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भरायला आवाज कुठला आणायचा? कडूबाभाऊंचा जुना फोन तर दवाखान्याच्या धावपळीत हरवलेला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ग्रुप!

मी ग्रुपवर लिहिलं, 'कडूबाभाऊंचे जुने निरोप ज्यांच्याकडे असतील त्यांनी ताबडतोब पाठवावेत.' माझ्याकडे एकही नव्हता. लिहिताना कान गरम झाले. पण सगळे माझ्यासारखे नव्हते. दुपारपर्यंत निरोपांची रांग लागली, चहाच्या वेळेपर्यंत त्रेसष्ट झाले. सोनियाने पहिला लावला आणि त्या खोलीत पाच महिन्यांनी कडूबाभाऊ बोलले. "चला वाळूज, लिंबेजळगाव, ढोरेगाव, गंगाऽऽपूर!" त्यांनी गळ्याच्या रुमालावर हात ठेवला आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

मग तासभर आम्ही मोबाइल टॅबजवळ धरून एकेक आवाज भरत होतो. मोर दाबला की गंगापूर. हत्ती दाबला की "सरका, सरका, आजून एक मानूस बसतंय." गाय म्हणजे "म्हातारीला खिडकी द्या." वाघ म्हणजे "ए, दारात लटकू नको!" कुठल्या जनावराला काय द्यायचं ते कडूबाभाऊच ठरवत होते, आणि माझ्या दोन सूचना त्यांनी बिनदिक्कत हाताने उडवून लावल्या.

वच्छलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "समद्या तालुक्याला हाका मारल्या. माझ्या नावाची एक बी नाय व्हय?"

त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांना कडूबाभाऊ कॉल करायचे, आणि कॉल कुठं साठून राहतो? कडूबाभाऊंनी मान खाली घातली.

सोमवारी सकाळी ते स्टँडवर आले. मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले होते. त्यांनी मोर दाबला. रिक्षांच्या गोंगाटात काही ऐकूच गेलं नाही. एक पोरगा फिस्सकन हसला. कडूबाभाऊंचा चेहरा उतरला आणि त्यांची नजर घराच्या दिशेला वळली. पण गोकुळने टॅब जीपमधल्या गाण्यांच्या स्पीकरला जोडला, आवाज पूर्ण वाढवला आणि म्हणाला, "भाऊ, दाबा आता!"

"गंगाऽऽपूर!" चौकात हाक घुमली. टपरीवरचे तिघं चहा टाकून पळत आले. एका म्हातारीने विचारलं, "घसा बसला व्हता ना रं तुझा?" कडूबाभाऊंनी गाय दाबून तिला खिडकीत बसवलं. दहा मिनिटांत जीप भरली, आणि दुसऱ्या माणसाचं नाव गोकुळने पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी परतताना आमच्यातले विश्वजीत सर माझ्याशेजारी होते. हळूच म्हणाले, "मॅडम, एक निरोप मी काल पाठवला नाही. खाजगी आहे. भाऊंनी घरी कॉल करताना चुकून ग्रुपवरच रेकॉर्ड केला होता. चिडवायला म्हणून ठेवला होता मी." त्यांनी तो माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, "सर, उतरल्या उतरल्या त्यांना द्या."

स्टँडवर कडूबाभाऊंनी तो ऐकला. टॅबवर चिमणी तेवढी रिकामी होती, तिच्यात भरला. मग त्यांनी घरचा नंबर लावला, फोन टॅबला टेकवला आणि चिमणी दाबली.

"वच्छले, निघालो गं. भाकरी टाक. हॅलो? हॅलो? आईकू येतंय का?"

फोनमधून काहीच येईना. कडूबाभाऊंना विचारताही येईना. त्यांनी फोन तसाच धरून ठेवला. मग वच्छलाबाईंचा आवाज आला, "आईकू आलं वो. या. तवा ठिवलाय."