अर्ल टॅगर्टचा उजवा खांदा

अर्ल टॅगर्ट गेल्याचं मला निशिदा-सानांच्या फोनवरून कळलं. निशिदा-सान म्हणजे आमच्या टोकियो ऑफिसातले माझे जुने सहकारी. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, हे गृहस्थ वर्तमानपत्रांची कात्रणं सांभाळतात. अर्लच्या मुलीने त्याच्या तिथल्या जुन्या बेसबॉल संघाला कळवलं होतं आणि संघाने चार ओळींचा शोकसंदेश छापून आणला होता. निशिदा-सानांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. टॅगर्ट-सानांनी दुखण्याचा कधी उच्चारही केला नाही, केव्हाही विचारा, त्यांचं उत्तर एकच असे... दाइजोबु. दाइजोबु म्हणजे ठीक आहे, काळजी नको. निशिदा-सान भारावून गेले होते. मला मात्र अशी शिसारी आली की हातातला चहा मी बेसिनमध्ये ओतला आणि कप दोनदा विसळला. तीन आठवडे झाले, ती चव जिभेवरून जात नाही.

ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला किंवा मार खायला लागला, की मधेच दुसरा पिचर आणतात, तो रिलीफ पिचर. दुसऱ्याच्या घराला आग लागल्यावर बोलावलेला बंबवाला. आग विझली तर घरमालकाचं नशीब थोर, घर जळलं तर बंबवाल्याला शिव्या. अर्लची ही बंबगिरी अमेरिकेतल्या सात-आठ गावांत, मेक्सिकोत, व्हेनेझुएलात आणि तैवानात करून झाली होती. त्याची बॅग इतकी फिरलेली, की विमानतळावर ती पट्ट्यावरून आपली आपण उतरायची आणि टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभी राहायची. माणूस साडेसहा फूट. मी सगळ्यांना सात सांगतो. माझ्या बायकोने, नीलाने, त्याच्या हातावर ठेवलेलं थालीपीठ बिस्किटासारखं दिसे आणि बिस्किटासारखंच एका घासात नाहीसं होई.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीने मला टोकियोला पाठवलं होतं. यंत्रांचे सुटे भाग विकत घ्यायचे आणि घेताना कमरेत वाकायचं, एवढंच काम. टोकियोतल्या कसाई नावाच्या वस्तीतल्या एका इमारतीत आम्ही पाचव्या मजल्यावर राहत होतो आणि संघाने अर्लची सोय सहाव्यावर केली होती. ओळख झाली कचऱ्यावरून. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी (तिथे प्रत्येक कचऱ्याचा वार वेगळा) या बाबाने खाली बाटल्या नेऊन ठेवल्या, आणि तळमजल्यावरच्या आजीबाई, ज्यांचं डोकं त्याच्या कमरेला लागत होतं, ती पिशवी घेऊन त्याच्या दारात हजर. मी मध्ये पडलो. आजीबाईंपुढे तीनदा वाकलो, त्यालाही मानगूट धरून वाकवला.

“हे सगळं लिहिलंय कुठे?” दार लावल्यावर त्याने विचारलं.

“कुठेच नाही. म्हणून तर मी आहे.”

काय पण ऐट होती माझी! चार वर्षं काढली होती तिथे, म्हणजे जपान मला पाठ होता. घरी कोणी आलं, की मी सुरू. ‘इथे असं असतं’ आणि ‘इथे तसं नसतं’. नीला पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “अहो, तुम्हाला येऊन चार वर्षं झालीत, चारशे नाही.” पण अर्लने मात्र माझ्यावर विश्वास टाकला. बिचारा.

मे महिन्यातल्या एका सोमवारी, म्हणजे संघाच्या सुट्टीच्या दिवशी, तो आमच्या टेबलाशी खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून बसला होता. मैदानाच्या कडेला बुलपेन नावाची एक जागा असते. खेळात उतरण्यापूर्वी पिचर तिथे चेंडू टाकून हात गरम करतो. अमेरिकेत थोडके टाकले की पुरे. इथे मात्र ‘खांदा तयार करायचा’. रोज. कोचचं समाधान होईपर्यंत. मग बसायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा तयार करायचा, पुन्हा बसायचं... आणि त्या दिवशी खेळात बोलावलंच नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात याने विश्रांती घेतली! खांदा मात्र गुऱ्हाळातून निघालेल्या चिपाडासारखा.

“हे बघ, बारुताकु,” तो म्हणाला. माझं आडनाव वर्तक, पण जपान्यांनी त्याचं जे केलं होतं तेच त्याने उचललं होतं. “मला काही मोठं व्हायचं नाही. माझ्या गावच्या शाळेत कोच म्हणून जागा राखून ठेवलीय. पोरांना बॅटिंग शिकवायची तर दिवसाला दोनशे चेंडू टाकावे लागतात. पहिला चेंडू माझ्या मुलीला, टेसला टाकायचाय, ती नऊ वर्षांची आहे. मला हा हात धड परत न्यायचाय, बस. किताहारा कोच रोज विचारतात, खांदा कसा आहे. काय सांगू त्यांना?”

“दुखतोय म्हणून सांगावं,” नीला तव्यापाशी उभी राहून म्हणाली. “दुखतोय तर दुखतोय.”

“तुला इथलं कळत नाही,” मी म्हणालो. (हे वाक्य लिहितानाही मला माझी किळस येते, पण लिहितो.) मग मी त्याला माझं ज्ञान पाजलं. इथे नाही म्हणायचं नसतं. साहेबाने विचारलं, जमेल का, की आपण आधी दातांतून हवा आत ओढायची, मान थोडी तिरकी करायची आणि मग म्हणायचं, दाइजोबु. साहेब काय ते समजतो आणि काम दुसऱ्याला देतो. आमच्या ऑफिसात मी असंच करायचो, माझे कितीतरी शनिवार त्यावर सुटले होते. मी त्याला हवा ओढायला शिकवली. तीनदा करून घेतलं. तिसऱ्या वेळी इतकं अस्सल झालं, की मी टाळ्या वाजवल्या.

ऑगस्टात मी आणि नीला मॅच बघायला गेलो. उकाडा असा, की ट्रम्पेट वाजवणाऱ्यांचे ट्रम्पेट वितळून गळ्यात माळेसारखे लोंबत होते. आमची जागा बुलपेनच्या अगदी वर. अर्ल दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा किताहारा कोच त्याच्याजवळ गेले आणि काहीतरी विचारलं. अर्लने हवा आत ओढली, मान तिरकी केली... आणि त्याचे ओठ हलले. कोच मान हलवून निघून गेले. अर्ल चेंडू टाकू लागला. मी नीलाला कोपराने ढोसलं, “बघितलंस? जपानी झाला!” नीलाने माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, “अहो, तो रडतोय.” मी म्हणालो, घाम आहे.

सप्टेंबरात एका मॅचमध्ये तो आत आला, दोन चेंडू नीट टाकले. तिसरा चेंडू अर्ध्या वाटेवर जमिनीत शिरला. चेंडू टाकणारा हात खालीच राहिला, आणि डाव्या हाताने त्याने तो धरला, दुसऱ्याचं मूल धरावं तसा. पुढच्या महिन्यात निरोप समारंभ झाला. फुलांचा भलामोठा गुच्छ, तोही डाव्या हातात. किताहारा कोचनी भाषण केलं : यांनी एकदाही नकार दिला नाही. सगळ्यांचे डोळे ओले.  समारंभानंतर मी कोचना गाठलं आणि उसनी हिंमत आणून विचारलं, त्यांचा खांदा दुखत होता, तुम्हाला दिसलं नाही का? ते गृहस्थ खरोखरच चकित झाले.

“मी रोज विचारत होतो, बारुताकु-सान. परदेशी खेळाडू दुखलं की सांगतात, म्हणून मुद्दाम त्यांनाच विचारायचो. एकदा जरी दुखतंय म्हणाले असते, तरी बसवलं असतं.”

आता हे खरं होतं, की नक्राश्रू होते, मला आजही ठाऊक नाही. थापा ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण ही मला ओळखता आली नाही. खोटं असेल तर त्यांची शिसारी येते. खरं असेल तर... माझी. शोकसंदेश ऐकल्यापासून दोन्ही एकदम येतात.

दोन वर्षांनी, आम्ही ठाण्याला परतल्यावर, अर्ल आठवडाभर आमच्याकडे राहून गेला. शाळेने कोचची जागा दुसऱ्याला दिली होती. टेस पोहायला लागली होती. “बरं झालं, पाण्यात चेंडू टाकायला लागत नाहीत,” तो हसून म्हणाला. तेव्हा मी सगळं ओकलो, की तुला ते शिकवायला नको होतं, मला खेळातलं काही कळत नव्हतं, मी फुशारकी मारली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वर्तक.” पहिल्यांदाच नीट म्हणाला. “मी पस्तीस वर्षांचा होतो. माझ्या तोंडात माझीच जीभ होती.” एवढंच. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

आल्याच्या पहिल्याच दिवशी अंघोळीनंतर अर्ल टॉवेल हातात धरून न्हाणीघराच्या दारात उभा राहिला होता. टॉवेलची खुंटी दाराच्या चौकटीच्या वर, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि डावा पुढे करायची सवय नव्हती. नीलाने ते पाहिलं. दुपारी सुताराला बोलावून तिने दाराशेजारी कमरेच्या उंचीवर पितळी खुंटी मारून घेतली. ती अजून आहे. येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, इतकी खाली का? मी आजवर एकाला सांगितलं, आमच्याकडे एक ठेंगू संस्थानिक उतरले होते. दुसऱ्याला सांगितलं, सुतार प्यायला होता. व्याह्यांना सांगितलं, वास्तुशास्त्र. परवा गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हात धुता धुता तेच विचारलं. मी नेहमीसारखं तोंड उघडलं.

“आमच्या एका मित्राचा हात वर जात नव्हता,” मी म्हणालो. “दुखत असताना ठीक आहे म्हणायला मी त्याला शिकवलं होतं.”

तो माणूस कसनुसा हसला आणि ओले हात पँटला पुसत बाहेर गेला. टॉवेल तिथेच होता, त्या खुंटीवर.