क्षमादीदींनी बंद पाडलेल्या चाचण्या

हिंदी मुलखातल्या रिछाई गावी आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत क्षमादीदी सगळ्यांत जुन्या. आधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. अजूनही समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात, आणि हा गुण आमच्या ऑफिसात दुर्मीळच.

मी नवीन. बाकी सगळ्यांकडे लिनक्स, माझ्याकडे तेवढा विंडोज लॅपटॉप. आमच्या चाचण्यांसाठी डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंदिस्त डब्यात चालतो. चाचणी त्याच्याशी पोर्टवरून, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या दारातून बोलते. तो क्रमांक सगळ्यांनी कायमचा ठरवून टाकलेला: पाच हजार. माझ्याकडे ते दार कधी उघडायचं, कधी नाही. "मेरे यहाँ तो चल रहा है," एवढं सांगून जो तो चहाला जायचा. चाचण्या शुक्रवारपर्यंत पास झाल्या नाहीत तर नोकरी पक्की होणार नाही, असं मॅनेजर अनुपमजींनी बजावलं. मला राग आला होता, त्याहून जास्त भीती वाटत होती.

दीदी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच.

"काहून तोंड पाडून बसलीस? चलो, दाखव."

कोणताच प्रोग्राम पाच हजार वापरत नव्हता. मग दीदींनी विंडोजनं स्वतःसाठी कोणते पोर्ट अडवून ठेवलेत ते पाहिलं. पाच हजार त्यांतच होता. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की अडवलेले पोर्ट बदलायचे, म्हणून मधेच सगळं सुरळीत चालायचं.

"आपण नंबर ठरवून राहिलोच काहून? सिस्टिमला म्हणू, मोकळा असेल तो दे. कोणता मिळाला ते चाचणी विचारून घेईल."

तसा बदल मी केला आणि चाचण्या पास झाल्या.

शुक्रवारी अनुपमजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दिक्कत लैपटॉप की ही थी. हमारे यहाँ तो कभी फेल नहीं हुआ."

दीदींनी आपल्या लिनक्सवर पाच हजारावर मुद्दाम दुसरा प्रोग्राम बसवला आणि जुन्या चाचण्या चालवल्या. सगळ्या फेल. मग माझा बदल घेऊन चालवल्या. सगळ्या पास.

"अब मेरे यहाँ भी फेल हुआ, अनुपमजी," त्या म्हणाल्या. "रुचिरा का लैपटॉप ठीक है."

अनुपमजींनी माझी नोकरी तिथेच पक्की केली. मी बाहेर येऊन आईला फोन लावला. तिला आधी दीदींबद्दल सांगितलं, नोकरीचं नंतर.