बापूंचा संशय आणि माझी एक्सटेंडेड वॉरंटी

एअर फिल्टरमध्ये धूळ साठते तसे आमच्या टॅक्सी स्टँडवर किस्से साठतात. शिर्डीत रेल्वे आली की आमच्या गाड्या नंबरानं सुटतात, आणि आपला नंबर येईपर्यंत बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. मी स्वतः फारसा बोलत नाही. नववीत शाळा सोडून गाडीवर लागलो तेव्हापासून ऐकायचीच सवय. पण फिल्टर मधूनमधून झटकला नाही तर गाडी पिकअप घेत नाही, म्हणून आज झटकतोय.

सुरुवात बापूंपासूनच करायला पाहिजे. बापू पुणतांब्याचे, स्टँडवर सगळ्यात जुने. त्यांचा कुणावरच विश्वास नाही. गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी ते बॅटरी, चाकं, वायपर, सगळ्यांवर सुनेच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका देतात. पार्ट बदलला तर कळावं म्हणून!

एकदा गाडी परत आली तर बॅटरीवरचा ठिपका गायब. बापूंनी वर्कशॉप डोक्यावर घेतलं. मेकॅनिक बिचारा म्हणाला, "काका, बॅटरी तीच आहे. डाग वाटला म्हणून पुसला."

"न सांगता कुनी काय पुसतं का रे? लपवायचं असल्याशिवाय?"

तेव्हापासून बापू दोन ठिपके देतात. एक दिसेल असा, आणि एक त्यांनाच माहीत असलेल्या जागी.

*

सहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर यंदा मी स्वतःची घेतली. पिवळ्या पाटीची, कोरी. पेढे घेऊन स्टँडवर आलो. बापूंनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही.

"आधी बिल दाव."

चष्मा लावून त्यांनी बिल ओळन्ओळ वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं. "एक्सटेंडेड वॉरंटी! ही कुनी मागितली?"

"कुणीच नाही. ते म्हणाले, इथं सही करा, इथं करा. मी केली."

"किती सह्या केल्या?"

"मोजल्या नाहीत."

बापूंनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "ती वॉरंटी परत करून ये. मग खातो."

नगरच्या शोरूमला फोन केला तर कळलं, तीस दिवसांत रद्द करता येते. म्हणजे मला महिनाभर झोप नाही! त्या पैशांत वरचं कॅरिअर बसलं असतं, सीट कव्हर आली असती. पण वॉरंटी नसताना पुढे इंजिनाचं काही मोठं निघालं, तर गाडी बसली आणि तिच्यामागे घरही बसलं. घरात कमावणारा मी एकटाच.

*

बापूंनी मला लोणीच्या गुरांच्या बाजाराचा हिशोब सांगितला.

"समज, तू गाय घ्यायला गेला. दात बघितले, कास बघितली, सौदा झाला. आन् इकनारा म्हनला, 'पाव्हनं, वर थोडं जास्त द्या, म्हंजी तीन वर्षांनी गाय आजारी पडली तर डॉक्टरचा खर्च माझा.' तू ती गाय घेशील का?"

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात तिसगावच्या जालिंदरनं विचारलं, "बापू, पर गाय दूध किती देती?"

*

जालिंदरचंही सांगतो. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा पूजेचा नारळ टायरपुढं न फोडता उत्साहात थेट बंपरवर फोडला. नारळ शाबूत राहिला, बंपर फुटला! हा पठ्ठ्या हार घातलेली गाडी तशीच घेऊन वर्कशॉपला गेला. म्हणाला, वॉरंटीत बदलून द्या.

तिथल्या माणसानं पाहणी केली आणि कागदावर 'अपघात' असं लिहिलं.

जालिंदर भडकला. "पूजेला अपघात म्हनता? भटजी हुते तिथं, त्यांना इचारा!"

*

वॉरंटीचं पुस्तक इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. एकदा शिंगणापूरच्या भाड्याला एक शिकलेले गृहस्थ पुढच्या सीटवर बसले. राहुरी येईपर्यंत मी धीर गोळा केला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शिंगणापूरपर्यंत मान वर न करता वाचलं.

उतरताना म्हणाले, "काय मिळणार नाही ते सात पानं लिहिलंय. काय मिळणार ते अर्ध्या पानात आहे."

"मग साहेब, लिहिणारा लबाड असेल का?"

"नाही, नाही, हुशार आहे," ते म्हणाले. "मी वकील आहे. मीही असंच लिहितो."

*

बापूंची गाडी माझ्याच मॉडेलची, पण जुनी. कंपनीची मूळ वॉरंटी संपत आली, तशा शोरूमच्या ताई त्यांना रोज फोन करायला लागल्या. मुदत संपायच्या आत वाढवून घ्या म्हणून. एके दिवशी बापूंनी आमच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकला.

"बापू आहेत का?"

"बापू वारले."

"अरेरे! सॉरी हं काका." पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "मग गाडी आता कोण चालवतं?"

"मीच की!" म्हणून बापूंनी फोन कट केला.

त्यानंतर शोरूमचा एकही फोन आला नाही. बापू अभिमानानं सांगायचे, "मेल्याबिगर कंपनी सोडत न्हाई बग!"

*

एकोणतिसाव्या दिवशी मी नगरला निघालो. आदल्या संध्याकाळी स्टँडवर सगळ्यांनी माझी तालीम घेतली होती. जालिंदर शोरूमचा मॅनेजर झाला होता.

बापूंनी पढवलं होतं, "ते म्हनतील साहेब न्हाईत. तू म्हन, बसतो. ते म्हनतील उद्या या. तू म्हन, बसतो. चहा दिला तर पिऊ नको, मान्साचं मन पाघळतं." मी लाजरा, ऐन वेळी विसरेन म्हणून सगळी उत्तरं तळहातावर लिहून घेतली.

शोरूममध्ये त्याच ताई होत्या. मी म्हणालो, "वॉरंटी रद्द करायचीय."

"हो दादा, लगेच! इथं सही करा. पैसे खात्यात येतील."

मी तळहात पाहिला. एकही उत्तर लागू पडेना.

"साहेब नाहीत का?"

"त्यांची गरज नाही."

"कारण नाही विचारणार?"

"नाही दादा. चहा घेणार?"

मी पेन खाली ठेवलं. म्हणालो, "राहू द्या." आणि तसाच परत आलो.

स्टँडवर बापू वाटच बघत होते. "दिले का पैसे?"

"देत होत्या."

"भांडल्या असतील."

"नाही बापू. हसून देत होत्या. चहासुद्धा विचारला."

बापूंनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "साहेब न्हाईत, असं न्हाई म्हनल्या?"

"नाही. साहेबांची गरजच नाही म्हणाल्या. वॉरंटी परत घ्यायची त्यांनाच घाई दिसली, म्हणून मी सही केली नाही."

बापू उठले, माझ्या गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला. तिथून स्वतःच्या गाडीकडं गेले आणि तिच्या बॉनेटला कान लावून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बापूंचा नंबर आला, पण गाडीच नव्हती. चहावाला म्हणाला, "सकाळीच नगरला गेलेत. बगलेत फाईल हुती."

दुपारी माझा फोन वाजला. शोरूमच्या ताई.

"दादा, तुमच्या स्टँडवरचे एक काका आलेत. तुम्ही ओळखता म्हणतात. गाडीची वॉरंटी वाढवून मागतायत. पण आमच्या कॉम्प्युटरला मालक वारलेत असं आहे. आता काय करू?"

मी काही बोलायच्या आत मागून बापूंचा आवाज आला.

"आवो ताई, सही कुठं करू ते सांगा की! इथं करू? का इथं?"